पडद्याबाहेरचा पास्टर

शारजातल्या रोल्लामध्ये आमच्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर सुरैय्याभाभींचं ‘नूर लेडीज सलून’ होतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. माझ्या नवऱ्याचा इलेक्ट्रिकल सामानाचा धंदा होता आणि माझ्या भुवया भाभींकडे होत्या. सुरुवातीला आमचा संबंध एवढाच.

भाभी मूळच्या चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या. त्यांचे मिस्टर, जहूरभाई, इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजमध्ये गाड्या रंगवायचे. भाभी एकोणनव्वद साली शारजाला आल्या. काही वर्षं घरातच मेंदी काढून दिली आणि मग हे दुकान घेतलं. सलूनला रस्त्याच्या बाजूने काच होती. तिच्यावर जाड निळा कागद चिकटवलेला, दाराला आतून मखमली पडदा आणि बाहेर पाटी, पुरुषांना मनाई. मनाई नगरपालिकेची होती, पण भाभी ती स्वतःची असल्यासारखी पाळायच्या. एसीवाला दुरुस्तीला आला तर आधी सगळ्या गिऱ्हाइकांना मागच्या खोलीत घालायच्या आणि मग त्याला आत घ्यायच्या.

सत्त्याण्णवमध्ये त्यांच्याकडे कामाला असलेली मल्याळी मुलगी लग्नासाठी गावी गेली ती परतलीच नाही. तिच्या जागी एफुआ आली. एफुआ घानाची, कुमासी शहरातली. उंच, शांत, आणि बोटं अशी चपळ की बघताना नजर ठरू नये. फेशियल, वॅक्सिंग तिला बेताचंच जमायचं. तिला यायच्या त्या बारीक वेण्या. डोक्याला चिकटून निघणाऱ्या, शंभर-दीडशे, खोटे केस मिसळून कमरेपर्यंत लांबवलेल्या. महिन्याभरात तिच्यामागे घानाच्या, नायजेरियाच्या, केनियाच्या बायका येऊ लागल्या. अशा एका डोक्याला अर्धा दिवस लागतो. अर्धा दिवस कुणी गप्प बसत नाही.

त्या बोलायच्या अमेरिकेबद्दल. एफुआने भिंतीवर अमेरिकन मासिकांतली पानं चिकटवली होती. काळे गायक, काळ्या नट्या, त्यांची घरं, त्यांची लग्नं आणि बहुतेक करून त्यांचे घटस्फोट. त्या काळात सगळ्यात जास्त बोलणं व्हायचं ते लॉरेटा ब्लेन नावाच्या गायिकेबद्दल. तिचा नवरा तिचा मॅनेजरही होता, आणि त्याचं दुसरीकडे काहीतरी चाललं होतं.

भाभींचं इंग्रजी कामापुरतं. पहिले दोन महिने त्यांना वाटत होतं, लॉरेटा ही एफुआची चुलत बहीण आहे. एके दिवशी लॉरेटाने घर सोडल्याची बातमी आली, तेव्हा त्यांनी एफुआचा हात धरला. “तिला इकडे बोलावून घे. माझ्या घरी राहील. व्हिसाचं जहूरना सांगते.”

भाभींची मुलगी फिझा तेव्हा दहावीत होती. ती तिथेच अभ्यास करत बसली होती. वहीतून डोकं वर न काढता ती म्हणाली, “मम्मी, शी इज अ सिंगर. इन अमेरिका. शी डझन्ट नो अस.”

भाभींनी थोडा विचार केला. “तिला आई नाही का?” त्यांनी विचारलं.

आई होती. आई नवऱ्याच्या बाजूने होती. हे कळल्यावर भाभींनी लॉरेटाचा विषय गंभीरपणे घेतला.

पुढे त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. ती त्यांनीच मला सांगितली, माझ्या डोळ्यांवर दोरा धरलेला असताना, म्हणजे मला उत्तर देता येत नव्हतं तेव्हा. “वहिनी, ह्या बायका लॉरेटाचं बोलतात ना, ते लॉरेटाचं नसतं. ती जाडी कॅशियर आहे ना, ती परवा म्हणाली की लॉरेटाचा नवरा फोन उचलत नाही. मासिकात असं कुठे छापलंय? मी फिझाकडून सगळं वाचून घेतलं. फोनचं काही नाही त्यात.”

एकदा हे कळल्यावर भाभींनी लॉरेटाला सल्ले द्यायला सुरुवात केली. फोन न उचलणाऱ्या नवऱ्याबद्दल त्या म्हणाल्या, “लॉरेटाने त्याच्या आईला फोन करावा. रोज. फक्त तब्येत विचारायला.” आठवड्याभरात कॅशियरचा नवरा फोन उचलू लागला. माफी न मागणाऱ्या नवऱ्याबद्दल म्हणाल्या, “मागणार नाही. काहीतरी खायला आणील. ते खावं.” अशी त्यांची कीर्ती झाली. बायका त्यांना आन्टी म्हणू लागल्या. केस नसले करायचे तरी येऊन बसायच्या.

सगळे सल्ले बरोबर निघाले असं नाही. वंजिरू नावाची एक केनियन मुलगी होती. तिच्या लॉरेटाला नवरा मारायचा. भाभी आपल्या सवयीने म्हणाल्या, सबर करावा, मुलं मोठी झाली की सुधारतो. वंजिरूने सबर केला नाही. मुलाला घेतलं, एका मैत्रिणीकडे गेली, दुसरी नोकरी धरली आणि पुढच्या खेपेस केस अगदी बारीक कापून घ्यायला आली. भाभींनी तिच्याकडून पैसे घेतले नाहीत. त्यानंतर त्यांच्या तोंडून सबर हा शब्द मी ऐकला नाही.

आता चर्चचं.

ह्या घानाच्या बायकांचं एक चर्च होतं. चर्च म्हणजे इमारत नव्हे, माणसं. तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून दर शुक्रवारी एका मोठ्या चर्चच्या आवारातला हॉल ते तासाच्या बोलीवर घ्यायचे. आधीच्या लोकांची प्रार्थना लांबली की हे बाहेर उन्हात उभे. वर्षभर आपल्याच ताब्यात राहील असा हॉल घ्यायचा म्हणून त्यांनी वर्गणी सुरू केली होती. ती एका पत्र्याच्या पेटीत जमायची आणि पेटी फिलोमिनाकडे असायची. फिलोमिना एका शाळेत आया होती. आवाज मोठा, हिशेब चोख. पास्टर होते ओबेड. आठवडाभर ते टायरच्या गोडाऊनमध्ये स्टोअरकीपर असायचे, शुक्रवारी सूट घालायचे आणि तीन तास बोलायचे. माणूस चांगला होता. कुणी आजारी पडलं की दोन बस बदलून भेटायला जायचा.

दोन हजार साली त्यांनी गाडी घेतली. पांढरी, लांबलचक, सेकंड-हँड अमेरिकन गाडी. चर्चमध्ये कुणी काही बोललं नाही. सगळ्यांनी हात मिळवून अभिनंदन केलं.

त्याच महिन्यात मासिकात बातमी आली. लॉरेटा ज्या बिशपच्या चर्चला जायची त्याने विमान घेतलं होतं, आणि ते भक्तांच्या पैशातून घेतलं असा बोभाटा झाला होता. लॉरेटानेही त्याला बरंच दिलेलं. गुरुवारची दुपार होती. शुक्रवारच्या चर्चसाठी केस करून घ्यायला सलून भरलेलं होतं. फिलोमिना एफुआच्या खुर्चीत, अर्धं डोकं झालेलं. शेजारच्या खुर्चीत चर्चमधल्या गाण्याच्या मंडळाची प्रमुख, एस्तेर. मी पायाला स्क्रब लावून कोपऱ्यात.

“देवाच्या पैशाने विमान घेतो तो चोर,” फिलोमिना म्हणाली.

“एवढे मोठे लोक,” एस्तेर म्हणाली. “त्यांना ठिकठिकाणी जावं लागतं. ते काय बसने जातील?”

“आधी जात होते ना बसने?”

“बिशप कधी बसने जात होता?” एस्तेरने विचारलं.

बिशप बसने जात नव्हता. बसने कोण जात होतं ते खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. एफुआचे हात थांबले. विमानाची गाडी झाली होती, आणि आता ती परत विमान होणार नव्हती.

पुढे अर्धा तास जे झालं ते मला सगळं समजलं नाही, कारण ते त्यांच्या भाषेत झालं. शेवटी फिलोमिना उठली, गळ्याभोवतीचं फडकं काढून घडी घातली, खुर्चीवर ठेवलं आणि गेली. तिच्या डोक्याच्या डाव्या बाजूला सुंदर वेण्या होत्या. उजव्या बाजूचे केस मोकळे उभे होते.

दुसऱ्या दिवशी ती तशीच चर्चला गेली. पहिल्या रांगेत बसली. पास्टर त्या दिवशी क्षमेवर बोलणार होते, ते थोडक्यात आवरलं म्हणे.

शनिवारी सलून उघडताना ती दारात उभी होती. हातात पेटी. ती भाभींच्या काउंटरवर ठेवून ती म्हणाली, “आन्टी, ही तुम्ही ठेवा. मी पास्टरला देणार नाही. एस्तेरच्या लोकांना देणार नाही. माझ्याकडे ठेवली तर तेच लोक म्हणतील मी पैसे खाल्ले.”

“मी मुसलमान आहे,” भाभी म्हणाल्या. त्यांना वाटलं, तिच्या लक्षात राहिलं नसावं.

“म्हणूनच. तुम्ही कुणाच्या बाजूच्या नाही.”

किल्ली तिने एफुआकडे दिली. म्हणजे पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे. मग खुर्चीत बसली आणि राहिलेलं अर्धं डोकं करून घेतलं.

भाभींनी पेटी वॅक्सच्या डब्यांमागे ठेवली आणि संध्याकाळी जहूरभाईंना सांगितलं. जहूरभाई कमी बोलणारा माणूस. घरात आले की आंघोळ, जेवण, बातम्या. त्यांचा घास हातातच राहिला.

“चर्चचे पैसे आपल्याकडे? लोक काय म्हणतील?”

“मशिदीचे असते तर?”

जहूरभाईंनी विचार केला. “मशिदीचे असते तर आपल्याला कुणी दिलेच नसते,” असं म्हणून ते जेवू लागले.

पुढच्या गुरुवारी पास्टर आले. आले म्हणजे दारापर्यंत आले. पुरुषांना मनाई. त्यांनी पाटी वाचली, टाय सारखा केला, दार थोडं ढकललं आणि पडद्याबाहेरूनच हाक मारली. आत पाच-सहा बायका होत्या, कुणाच्या चेहऱ्याला लेप, कुणाचं डोकं बेसिनमध्ये. एस्तेरही होती. सगळ्या जिथल्या तिथे थांबल्या. एफुआने टीव्हीचा आवाज बंद केला. भाभी पडद्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या, आतल्या बाजूला.

“सिस्टर सुरैय्या, आमची पेटी तुमच्याकडे आहे असं कळलं.”

“पेटी आहे.”

“मी ती न्यायला आलोय.”

“फिलोमिना आणि एस्तेर दोघी एकत्र आल्या तर देते. नाहीतर नाही.”

एस्तेरने बेसिनमधून डोकं उचललं आणि परत ठेवलं.

“सिस्टर, तो देवाचा पैसा आहे,” पास्टर सबुरीने म्हणाले. “मी देवाचा सेवक आहे.”

“देव माझा पण आहे,” भाभी म्हणाल्या. “पण सलूनचं लायसन माझ्या नावावर आहे. उद्या काही झालं तर मला बोलावतील, त्याला नाही.”

बाहेर बूट वाजले. आम्हाला वाटलं, गेले. मग भाभींनी तो प्रश्न विचारला जो इतके दिवस चर्चमध्ये कुणी विचारला नव्हता. अगदी घरच्या माणसाला विचारावा तसा.

“पास्टर, गाडी कशाला घेतली?”

पडद्याच्या खालून त्यांचे बूट दिसत होते. चांगले पॉलिश केलेले. ते बूट एकदा जिन्याकडे वळले आणि परत दाराकडे आले.

“माझी बायको येते आहे,” पास्टर म्हणाले. “अबेना. सहा वर्षांनी.”

“मग?”

“मी तिला फोटो पाठवत होतो. गाडीला टेकून. गाडी आमच्या गोडाऊनच्या साहेबांची होती. तिने विचारलं नाही कुणाची. मीही सांगितलं नाही. तिने गावात सगळ्यांना फोटो दाखवले. आता ती एअरपोर्टवर उतरणार. तिला बसने कसा आणू?”

“आणि पैसे?”

“हप्त्याने घेतली. पहिल्या हप्त्याला थोडे कमी पडले. ते पेटीतून घेतले. फिलोमिनाला माहीत आहे. मी परत ठेवणार होतो.”

मी अमेरिकन मासिकांतली पुष्कळ पानं त्या भिंतीवर पाहिली होती, पण त्यांतल्या कुणी इतकं साधं काही कबूल केलेलं वाचलं नव्हतं.

भाभींनी लॉरेटाचं नाव घेतलं असतं तर आम्हाला नवल वाटलं नसतं. ती त्यांची पद्धत होती. त्यांनी घेतलं नाही.

“माझं लग्न ठरलं तेव्हा,” त्या हिंदी-इंग्रजी मिसळून म्हणाल्या, “आमच्या लोकांना सांगितलं होतं, मुलगा गॅरेजचा मॅनेजर आहे. मी पुष्कळ वर्षांनी इथे आले. हे एअरपोर्टवर न्यायला आले होते. कपडे नवे होते, सेंट लावला होता, पण नखांत लाल रंग होता. सगळ्या दहा नखांत. मी बघितलं. त्यांनी बघितलं की मी बघितलं. गाडीत मी काही बोलले नाही. घरी आल्यावर मी काही विचारलं नाही. आजपर्यंत विचारलं नाही. मला वाटायचं, मी त्यांची लाज राखली. आता वाटतं, तो माणूस तेव्हापासून वाट बघतोय, ही कधी विचारणार. म्हणून घरात बोलत नाही. बोलायला तोंड उघडलं तर तेच निघेल ना.”

एफुआ खाली मान घालून फणीतले केस काढत होती.

“तुम्ही बायकोला आज फोन करा,” भाभी म्हणाल्या. “सांगा, फोटो खोटे होते. मग शुक्रवारी चर्चला सांगा.”

“दोन्ही?” बाहेरून आवाज आला.

“दोन्ही. आधी बायकोला. ते कठीण आहे.”

बूट निघून गेले. एस्तेर बेसिनमधून उठली, डोक्याला टॉवेल गुंडाळला, आणि म्हणाली की फिलोमिनाला कुणीतरी फोन लावा.

रोल्लामध्ये गोष्ट संध्याकाळपर्यंत टिकत नाही. जहूरभाईंना ती गॅरेजमध्येच कळली. तिथला वॉचमन घानाचा होता. ते घरी आले, आंघोळ केली, जेवायला बसले. भाभींनी मला हे नंतर सांगितलं.

“सगळ्या आफ्रिकेला कळलं म्हणे,” जहूरभाई म्हणाले.

“हो.”

“मॅनेजर मी म्हटलं नव्हतं. लग्न जमवताना मामूंनी म्हटलं. मी नाही म्हणायला पाहिजे होतं.”

“हो.”

त्यांनी आमटी वाढून घेतली. “त्या दिवशी नखं घासली होती मी. थिनरने. रंग पक्का होता,” ते म्हणाले, आणि मग त्या रंगाबद्दल, तो लावलेल्या गाडीबद्दल, ती कुणाची होती आणि तिच्या मालकाने कसा त्रास दिला, असं बराच वेळ बोलत राहिले. बातम्या लावायच्या राहिल्या. भाभी म्हणाल्या, “वहिनी, एवढं बोलतात हे मला माहीतच नव्हतं. आता कधी कधी मीच म्हणते, बातम्या लावा.”

पास्टरांनी बायकोला फोन केला. ती काय म्हणाली ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शुक्रवारी ते चर्चसमोर उभे राहिले आणि सगळं सांगितलं. काही लोक रडले, काही उठून गेले, आणि उठून गेलेल्यांतले बरेचसे बाहेर फार ऊन होतं म्हणून परत आले. गाडी जहूरभाईंनी विकून दिली. ओरखडे भरून, दरवाजे रंगवून, अठरा हजार दिरहम आले. “म्हणजे दोन लाख सोळा हजार,” जहूरभाई मला जिन्यात म्हणाले, “आपल्याकडे ह्यात चाळीतली खोली येते.” बँकेचं देणं फिटलं, पेटीतले परत गेले. पास्टरांच्या हातात काही राहिलं नाही.

त्यामुळे अबेना आली तेव्हा तिला आणायला गॅरेजचा पिकअप गेला. जहूरभाई चालवत होते. पास्टर सूट घालून मध्ये बसले, भाभी खिडकीला, कारण बाईमाणूस आणायला बाईमाणूस पाहिजे असं त्यांचं म्हणणं. पुढे जागा नाही म्हणून परत येताना पास्टर सुटकेसांबरोबर मागे बसले. अबेना बुटकी, गोल चेहऱ्याची बाई होती. तिने पिकअपला एक फेरी मारली. मग नवऱ्याला म्हणाली, “ह्याला टेकून फोटो काढून घे.” जहूरभाईंनी फोटो काढला. तो तिने गावी पाठवला.

पेटी त्याआधीच फिलोमिना आणि एस्तेर दोघी येऊन घेऊन गेल्या. हॉल मात्र झाला नाही. भाडी वाढत गेली, पैसे मागे पडत गेले, आणि शेवटी त्यांनी त्या पैशाच्या चांगल्या खुर्च्या घेतल्या, घडीच्या, निळ्या गादीच्या. फिझाचं लग्न ठरलं तेव्हा साखरपुड्याला बिल्डिंगच्या गच्चीवर मांडव घातला आणि खुर्च्या चर्चकडून आल्या. मुलाकडची मंडळी रत्नागिरीची. मुलाच्या आजीने खुर्चीच्या पाठीवर रंगवलेली अक्षरं बघून काय लिहिलंय म्हणून विचारलं. भाभी म्हणाल्या, “देवाची स्तुती आहे.” आजी समाधानाने टेकून बसली.

लॉरेटाने दुसरं लग्न केलं. तो नवरा कुणालाच पसंत पडला नाही. पण तोवर तिच्याबद्दलचं बोलणं कमी झालं होतं, कारण बायका आता आपापल्या नवऱ्यांची नावं घेऊन बोलू लागल्या होत्या. मला विचाराल तर ऐकायला लॉरेटा जास्त बरी होती. आमच्या ओळखीच्या माणसांबद्दल इतकं कळणं अवघड जातं. जिन्यात समोर आले की कुठे बघावं ते समजत नाही.

ते चर्च पुढे फुटलंच. पैशावरून नाही, गाण्यांवरून. एस्तेरच्या मंडळाला ड्रम हवे होते, फिलोमिनाच्या लोकांना नको होते. अर्धे लोक एका वेळेला प्रार्थना करू लागले, अर्धे दुसऱ्या वेळेला, हॉल तोच. पास्टर ओबेड दोन्हीकडे बोलायचे. अबेना एकाही चर्चला जायची नाही, ती शुक्रवारी झोपायची. मी भाभींना विचारलं, इतकं करून शेवटी फुटलं, तुम्हाला वाईट नाही वाटलं? भाभी डायरीत अपॉइंटमेंट लिहून घेत होत्या.

“एस्तेरकडच्या बुधवारी येतात, फिलोमिनाकडच्या गुरुवारी,” त्या म्हणाल्या. “आधी सगळ्या एकाच दिवशी यायच्या, वहिनी. एफुआची बोटं दुखायची.”